नीरेकाठची चोपण जमीन आणि परदेशी विद्या

मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० साली एक पुस्तिका छापली. विषय होता नीरा खोऱ्यातील, मुख्यतः बारामतीकडच्या, खारवट जमिनींचा. लेखक दोन : हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे. मान हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या जमिनींचा अभ्यास करून ते १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले होते, आणि ते कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. परदेशी विद्यापीठाशी करार झाला की आज वर्तमानपत्रे तो पहिलाच असल्यासारखी लिहितात, म्हणून या जुन्या पुस्तिकेची आठवण. बारामती-इंदापूरच्या मातीला बाहेरच्या विद्येचा स्पर्श होऊन शंभरावर वर्षे झाली. माझे म्हणणे असे की, जमीन राखण्यासाठी लागणारे ज्ञान इथे पुरेसे लवकर आले. ते शिवारात टिकवून धरणारी व्यवस्था मात्र आली नाही.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्यामागे १८७६-७७ च्या दुष्काळाची धास्ती होती. ज्वारी-बाजरीला हमी मिळावी, एवढाच मूळ हिशेब. पण बारमाही पाणी दिसल्यावर शेतकऱ्याने ऊस लावला आणि गुऱ्हाळे उभी केली. त्याने दुसरे काही करावे अशी अपेक्षाच भाबडी होती. खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि निचरा सावकाश करते. वर पाळीमागून पाळी, शिवाय पाटाची गळती, त्यामुळे जमिनीखालचे पाणी चढते आणि विरघळलेले क्षार सोबत आणते. उन्हाने पाणी उडून जाते, पांढरा थर मागे राहतो. आधी जमीन चिबडते, मग चोपण होते. उसाखालच्या क्षेत्राला बांध घालणारी विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभीच या कालव्यावर आली होती. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हिलगार्ड तिकडच्या ओलिताच्या जमिनींत हेच दुखणे तपासत होते आणि जिप्समचा उपाय सुचवत होते. १९१६ मध्ये सिंचनाच्या अभ्यासासाठी पुण्यात खास शाखा निघाली. खडकवासल्याची आजची जल व विद्युत संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. तिथे इंग्रज अभियंते इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालचे भूजल आणि निचरा यांचा पाठपुरावा केला. थोडक्यात, रोग ओळखला गेला होता आणि औषधही माहीत होते : चर खणा, पाणी बेताने द्या.

यावर एक आक्षेप येईल. हे सगळे वसाहती शास्त्र होते. सरकारला पाणीपट्टी बुडण्याची चिंता होती, शेतकऱ्याची नव्हे. पहिला भाग खरा आहे. महसुलाची काळजी नसती तर या अभ्यासाला पैसा मिळाला असता का, ही शंका मलाही आहे. पण हेतूवरून निदान खोटे ठरत नाही; शिवाय या निदानाचे बोट सरकारच्याच कालव्याकडे जात होते. स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला आणि भागीदारही बदलले. अमेरिकी मदतीच्या योजनेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी महाराष्ट्राच्या वाट्याला आली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या घडणीत तिचा हात होता. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली, हा नमुनाही अमेरिकेचाच. राजवट बदलली तरी चोपण जमीन मात्र राहिली.

उलट ऊसवाण पाहा. कोइमतूरच्या को ४१९ मध्ये जावा बेटावरच्या पीओजे २८७८ चे रक्त होते, आणि त्या उसाने दख्खनचे कालवे व्यापले. १९३२ पासून पाडेगावचे केंद्र नवी वाणे तपासत आले. ती पसरायला फारसा सरकारी रेटा लागला नाही, कारण बेणे या शेतातून त्या शेतात मोळीने जाते आणि फायदा एकाच हंगामात डोळ्यांना दिसतो. चराचे तसे नाही. एकट्याने चर खणून भागत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधातून ओढ्यापर्यंत न्यावे लागते, ओढा मोकळा ठेवावा लागतो आणि दरवर्षी गाळ काढावा लागतो. परदेशी विद्यापीठ चराचा नकाशा देऊ शकते, बांधावरचा तंटा सोडवू शकत नाही.

आता बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतो आहे. माळेगाव खुर्दला २००९ पासून अजैविक ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. उपग्रह आणि संवेदक आल्यावर जुन्या अडचणींचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. मुळाशी ओल किती आहे हे कळले तर पाण्याची एखादी पाळी वाचेल, आणि वाचलेली पाळी क्षारांनाही रोखेल; हा लाभ लहान नाही. पण अशा प्रयोगाचे यश बहुधा एकरी टनात मोजले जाते. खालचे पाणी कुठवर चढले, हे मोजायला विहिरी आणि निरीक्षण-नळ्या वर्षानुवर्षे पाहणारा माणूस लागतो. करार संपला की त्याचा पगार कोण देणार, हे करारातच लिहिलेले असावे.

शिवाय बारामतीच्या शिवारातून निचरून निघालेले खारे पाणी ओढ्यांनी नीरेतच येते. नीरा इंदापूर तालुक्यातील बावड्याच्या दक्षिणेने वाहत जाऊन नरसिंहपुरापाशी भीमेला मिळते. वरच्या अंगाला चर यशस्वी झाले तर खालच्या नदीत क्षार किती वाढतात, हे बावड्याच्या बागायतदाराने विचारायला हवे. आणि हे मोजण्याचे ठाणे बारामतीत नव्हे, संगमाच्या अलीकडे बावड्यालगत असायला हवे.