शिक्षेच्या तराजूत बुद्धीचे माप

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अर्ल वॉशिंग्टन या शेतमजुराने १९८३ मध्ये एका बलात्कार व खुनाच्या गुन्ह्याची कबुली पोलिसांसमोर दिली. त्याचा बुद्ध्यांक ६९ च्या आसपास होता. मृत महिलेचा वर्णही त्याला नीट सांगता आला नव्हता. तरीही त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला आणि १९८५ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी अवघ्या नऊ दिवसांवर आली असताना ती स्थगित झाली. पुढे डीएनए चाचण्यांमुळे १९९४ मध्ये ही शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली आणि २००० मध्ये त्याला माफी मिळाली. विचारणारा जे सुचवील त्याला 'हो' म्हणण्याची सवय असलेल्या आरोपीची कबुली किती ग्राह्य धरावी, हा प्रश्न या प्रकरणाने ठळकपणे पुढे आणला.

बौद्धिक अक्षमता म्हणजे मनोविकार नव्हे. मनोविकार कोणत्याही वयात जडू शकतो आणि अनेकदा उपचारांनी आटोक्यातही येतो. बौद्धिक अक्षमता मात्र विकासाच्या वयातच, म्हणजे बालपणी वा किशोरवयात दिसू लागते आणि आयुष्यभर राहते. निदानासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात : बुद्ध्यांक साधारणतः ७० ते ७५ किंवा त्याहून कमी असणे, दैनंदिन व्यवहार सांभाळण्याच्या क्षमतेत लक्षणीय उणीव असणे आणि या दोहोंची सुरुवात विकासाच्या वयात झालेली असणे. पूर्वी अशा व्यक्तींसाठी 'मतिमंद' हा शब्द रूढ होता. आता तो मागे पडला आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पेन्री खटल्यात अशा गुन्हेगारांना मृत्युदंड देणे घटनाबाह्य नसल्याचे म्हटले होते. तेरा वर्षांनी, २० जून २००२ रोजी, अ‍ॅटकिन्स विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही भूमिका बदलली. डॅरिल अ‍ॅटकिन्स याला १९९६ मधील अपहरण व खुनाच्या गुन्ह्यात मृत्युदंड झाला होता. त्याचा बुद्ध्यांक ५९ असल्याची साक्ष खटल्यात झाली होती. अशी व्यक्ती निर्दोष ठरत नाही, परंतु परिणामांचा विचार करण्याची आणि आवेग रोखण्याची तिची कुवत मर्यादित असल्याने तिची नैतिक जबाबदारी कमी ठरते, असे बहुमताने नमूद केले. ती वकिलाला पुरेशी मदत करू शकत नाही, तिच्या चेहऱ्यावरील निर्विकार भाव पाहून तिला पश्चात्ताप नसल्याचा समज होतो आणि खोट्या कबुलीचा धोकाही वाढतो, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

मात्र अक्षमता ठरवायची कशी, हे न्यायालयाने राज्यांवर सोपविले आणि तेथूनच नवा वाद सुरू झाला. फ्लोरिडात बुद्ध्यांक ७० च्या वर गेला की पुढील पुरावा पाहिलाच जात नसे. चाचणीत काही गुणांची चूक संभवते, हे लक्षात घेऊन २०१४ च्या हॉल खटल्यात ही ताठर रेषा रद्द ठरविण्यात आली. २०१७ च्या मूर खटल्यात टेक्सासचे लोकसमजुतींवर आधारलेले निकष नाकारून वैद्यकीय निकषांना महत्त्व देण्यात आले. खुद्द अ‍ॅटकिन्सला २००५ मध्ये ज्युरीने बौद्धिकदृष्ट्या अक्षम मानले नाही. अखेर २००८ मध्ये सरकारी पक्षाच्या गैरवर्तनाच्या कारणावरून त्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये मृत्युदंडच रद्द केला.

सिंगापूरमध्ये चित्र वेगळे दिसले. ४२.७२ ग्रॅम हेरॉइनच्या तस्करीबद्दल दोषी ठरलेला मलेशियाचा नागरिक नागेंथ्रन धर्मलिंगम याचा बुद्ध्यांक ६९ असल्याचे निष्पन्न झाले होते. तरीही आपण काय करतो याची त्याला जाण होती, असा निष्कर्ष तेथील न्यायालयांनी काढला आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याला फाशी देण्यात आली.

भारतात बौद्धिक अक्षमतेच्या कारणावरून फाशीला सरसकट मनाई करणारा कायदा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ८४) मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे वा बेकायदा असल्याचे, समजण्यास असमर्थ असलेली व्यक्ती गुन्हेगार ठरत नाही. परंतु सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली बरीच माणसे या कठोर कसोटीत बसत नाहीत. त्यामुळे शिक्षेवरील सुनावणीचा टप्पा निर्णायक ठरतो. १९८० च्या बचन सिंग निकालात शिक्षा सौम्य करणाऱ्या कारणांमध्ये आरोपीच्या मानसिक उणिवेचा उल्लेख आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील 'प्रोजेक्ट ३९ ए' या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासणी झालेल्या फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ११ टक्के बौद्धिकदृष्ट्या अक्षम आढळले.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात, फाशीची शक्यता असलेल्या प्रकरणांत आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल सत्र न्यायालयासमोरच यावा, असे निर्देश दिले. शाळेच्या नोंदी, बालपणीचे आजार, घरच्यांची व शिक्षकांची साक्ष हाच बौद्धिक अक्षमतेचा खरा पुरावा असतो. मात्र गरीब, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आरोपीकडे नेमकी हीच कागदपत्रे नसतात. ती शोधण्यास वेळ आणि माणसे मिळाली नाहीत, तर त्याची उणीव न्यायालयासमोर येतच नाही आणि शिक्षा मात्र पुरी मिळते.