हुकूम नाकारणाऱ्या सैनिकाचा चेहरा

तिसरे शतक सरत आले आहे. तुम्ही आल्प्सच्या पायथ्याशी, अगौनमच्या रोमन ठाण्यावर आहात. समोर इजिप्तमधल्या थीब्जचे पथक, त्याचा नायक मॉरिस. सम्राट मॅक्झिमियनचा हुकूम येतो : ख्रिस्ती लोकांवर शस्त्र उचला. पथक स्वतःच ख्रिस्ती. मॉरिस नकार देतो. दर दहावा सैनिक कापला जातो, पुन्हा विचारणा होते, पुन्हा नकारच. अखेर कोणीच उरत नाही, असे आख्यायिका सांगते.

आता या 1530 च्या ईस्टरला, आजच्या बव्हेरियाच्या उत्तर भागातल्या कोबुर्ग गावात. याच मॉरिसच्या नावाच्या चर्चमध्ये मार्टिन लूथर प्रवचन देत आहेत. त्यांच्या पंथात संतांची आराधना नाही. तरीही गावाच्या मानचिन्हावर सोनेरी पार्श्वभूमीवरचा मॉरिसचा काळा चेहरा पुढची चारशे वर्षे टिकणार आहे.

मग 1934 उजाडते. पाच वर्षांपूर्वी जर्मनीत नाझींना नगरपरिषदेत पहिले बहुमत मिळाले ते इथेच. काळा माणूस गावाची ओळख असणे त्यांना खपत नाही. मानचिन्हावर तलवार येते, तिच्या मुठीवर स्वस्तिक. ज्यांना निमूट आज्ञापालन हवे होते, त्यांनी नकार देणाऱ्यालाच हटवले. 1945 मध्ये त्यांची सत्ता कोसळते आणि मॉरिस परततो.

आजच्या बाजारचौकात पाइनच्या बोंडांवर सॉसेज भाजली जात आहेत. मान वर करा. टाउन हॉलच्या माथ्यावर मॉरिसचा पुतळा आहे. त्याच्या हातातला दंड म्हणजे इथल्या सॉसेजच्या लांबीचे माप, असे गावकरी सांगतात. आता पायाखाली पाहा. गटाराच्या लोखंडी झाकणावरही तोच, पण इथे मानचिन्हातल्यासारखे फक्त डोके : जाड ओठ, कानात बाळी. हे चित्रण अपमानकारक आहे, मानचिन्ह बदला, अशी मागणी 2020 मध्ये झाली.

निर्णय घेण्याआधी माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये चला. तिथे साधारण 1240 मध्ये घडवलेला मॉरिस उभा आहे : अंगात साखळ्यांचे चिलखत, चेहरा खऱ्याखुऱ्या आफ्रिकी माणसाचा, नजर थेट. म्हणजे त्याला सन्मानाने साकारणे तेव्हाही जमत होते. कोबुर्गने मॉरिसला जरूर जपावे. पण बाळीऐवजी त्याला त्याचे चिलखत परत द्यावे आणि त्याच्या नकाराची गोष्ट प्रत्येक मुलाला सांगावी.