डोंगरावरच्या इमारतीचं मैलापाणी जातं कुठं?

पोस्ट लांब आहे आणि विषय नाक मुरडायचा आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या गावाबाहेर, माळावर किंवा घाटमाथ्यावर एखादी आश्रमशाळा, उपकेंद्र, भक्तनिवास नाहीतर रिसॉर्ट उभं राहत असणारच. भूमिपूजनाला फोटो निघतात, कोनशिलेवर नावं येतात. पण गटार नसलेल्या जागी शंभर माणसांचं मैलापाणी जाणार कुठं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. नकाशात एका कोपऱ्यात चौकोन असतो, त्यावर 'सेप्टिक टँक' लिहिलेलं असतं, आणि विषय संपतो.

या चौकोनाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

१८६० च्या सुमारास फ्रान्समधल्या व्हेसूल गावात झां-लुई मुरास नावाच्या माणसाने घराखाली बंद टाकी बांधली. संडासाचं सगळं त्यात. काही वर्षांनी उघडून बघितली तर गाळ अगदी थोडा, बाकी गढूळ पाणी. हवा न लागता जगणारे जंतू मैला खाऊन टाकतात, हे तेव्हा त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. १८८१ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढे १८९५ मध्ये इंग्लंडच्या एक्झिटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली आणि 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ झालं. टाकीतून निघणाऱ्या वायूवर त्यांनी दिवेही लावून दाखवले.

आता आपल्याकडे या. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. आजचं माटुंगा डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा ती शहराबाहेरची जागा होती, आणि कुष्ठरोग्यांना तिथं ठेवलं ते शहरापासून लांब म्हणूनच. म्हणजे आपल्या विषयातली 'दूरची इमारत' ती हीच. तिथल्या मैल्याची सोय तिथंच लावायला हवी होती. म्युनिसिपालिटीचे ड्रेनेज इंजिनिअर कार्केट जेम्स यांनी तिथं सेप्टिक टाक्यांचे प्रयोग केले. १८९७ मध्ये टाक्यांवर वायू गोळा करायची सोय झाली आणि त्या वायूवर इंजिन चालवलं गेलं. गोबरगॅस हा शब्दही नव्हता तेव्हाची ही गोष्ट! ज्यांना समाजाने घराबाहेर काढलं त्यांच्या मैल्यातून मुंबईत ऊर्जा निघत होती. ही गोष्ट शाळेत आपल्याला कुणी सांगितली नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण इंजिनिअरांच्या इतिहासात एक गोष्ट येत नाही. टाकी कुणी बांधली ते येतं, उपसली कुणी ते येत नाही. आपल्याकडे मैला हा जातीचा प्रश्न होता, आणि अजूनही आहे.

तो प्रश्न अंगावर घेतला कोकणातल्या आप्पासाहेब पटवर्धनांनी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम करू द्या. सवर्णाला ते काम देता येत नाही, असं तुरुंगाचं म्हणणं. आप्पांनी अन्न सोडलं. डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण सुरू केलं आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपास! पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं सोनखत कसं होईल, कुणालाही हात न लावता कसं होईल, यावर आयुष्य घालवलं.

'सोनखत' हा आपला जुना शब्द बघा. मैल्याला सोनं म्हणणारा समाज तो वाहणाऱ्याला मात्र शिवत नव्हता.

आप्पांचा धागा उचलला देहूच्या डॉ. मापुसकरांनी. १९६० च्या आसपास ते तिथं सरकारी दवाखान्यात आले. पेशंट सगळे पोटाचे आणि जंतांचे. त्यांनी संडास बांधायला घेतले, तर सुरुवातीचे पावसाळ्यात ढासळले. लोक हसले असणार. ते थांबले नाहीत. आप्पासाहेबांकडून शिकून दोन खड्ड्यांचा संडास त्यांनी देहूत घरोघर नेला, आणि संडासाला जोडलेल्या 'मलप्रभा' गॅस प्लँटचं काम पुढे नेलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

दोन खड्ड्यांचं तंत्र अगदी साधं. एक खड्डा भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत, म्हणजे दीड-दोन वर्षांत, पहिल्यातल्या मैल्याचं वास नसलेलं खत होतं. उपसायला कुणाला घाणीत उतरावं लागत नाही.

मग सेप्टिक टँक वाईट का? वाईट नाही, अर्धवट आहे. टाकीत मैलापाणी एक-दोन दिवस थांबतं. जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते. मधून निघणारं पाणी दिसायला बरं असलं तरी रोगजंतू त्यात तसेच असतात. उरलेलं निम्मं काम मातीने करायचं असतं, शोषखड्ड्यातून नाहीतर झाडांच्या मुळांतून. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण मोरीच्या पाण्यावर तिने अळू, केळ, कर्दळ लावलेली असायची. कोकणात न्हाणीचं पाणी माडाला. आज इंजिनिअर मंडळी 'रूट झोन' म्हणून खडी घालून कर्दळच लावतात, आणि मोरीच्या पाण्याला ती उत्तम चालते. मैलापाणी मात्र आधी टाकीत मुरवावं लागतं, आणि खडीतून जाताना वर उघडं पडू द्यायचं नाही.

गडबड होते ती जमिनीत. देशावर काळी माती असेल तर पाणी जिरतच नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर दोन हात खणलं की कातळ. कोकणात उलट, जांभ्यातून पाणी इतकं भरभर उतरतं की माती काही गाळायच्या आत ते विहिरीत पोचतं. म्हणून शोषखड्डा आणि विहीर यांत पन्नास-साठ फुटांचं अंतर हवं, आणि कातळ किंवा जांभा असेल तर तेवढ्यावरही विसंबू नये. जमीन न बघता नकाशा काढला की पुढे काय होतं ते आपण बघतोच. टाकीच्या पाइपाचं तोंड गुपचूप ओढ्यात सोडतात.

आणि टाकी भरल्यावर? दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढायला हवा. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी ठरल्या पाळीने गाडी पाठवून गाळ उपसायची आणि त्यावर प्रक्रिया करायची पद्धत बसवली आहे. पण घाटातल्या कच्च्या रस्त्याने ती गाडी चढेल का? चढली नाही तर कुणाला तरी दोरीने खाली सोडतात. आतल्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो, माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. बातम्या मी अजून लिहितोच आहे.

आमच्या भागात डोंगरावर शंभर मुलांचं एक वसतिगृह मंजूर आहे. मुलामागे रोजचे शंभर लिटर धरले तरी दहा हजार लिटर पाणी होतं. खालच्या उतारावर वाडी आहे आणि वाडीची एकच विहीर. नकाशात चौकोन आहे. खड्डा खणून जमीन तपासल्याची नोंद मागितली, ती मिळाली नाही. शोषखड्डा कुठे, गाळ काढायला गाडी कुठून येणार, खर्च कोण देणार, याचं उत्तर नाही. जागा आहे, मोरीचं पाणी वेगळं काढून कर्दळीच्या वाफ्यात सोडता येईल, संडासाला गॅस प्लँट जोडता येईल. स्वयंपाकघर तिथंच आहे.

येत्या ग्रामसभेत वाडीतल्या बायका हा विषय मांडणार आहेत. ज्यांना जमेल त्यांनी या. येताना आपल्या गावातल्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, तेवढं विचारून या.