एकशे तेरा पानं आणि त्यात कायद्याची दोनच

संशोधनाच्या पहिल्या वर्षी आपण बहुतेक सगळेच एक चूक करतो. जुना दस्तऐवज हातात पडला, की त्यात काय लिहिलंय ते उतरवून घेतो. तो कुणी, कुणासाठी, कशाकरता लिहिला हे विचारायचं राहून जातं. मी ही चूक केली ती ‘ब्रँडाईस ब्रीफ’ वाचताना. म्हणून आज त्याच्याबद्दल.

४ सप्टेंबर १९०५. पोर्टलंडमधल्या कर्ट म्युलर यांच्या लाँड्रीत एका कामगार बाईला दहा तासांपेक्षा जास्त राबवलं गेलं. ऑरेगॉनच्या १९०३ च्या कायद्याने याला बंदी होती. दंड झाला दहा डॉलर. एवढ्याशा दंडासाठी म्युलर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, कारण वारं त्यांच्या बाजूने होतं. त्याच वर्षी ‘लॉकनर’ खटल्यात न्यायालयाने न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांची दहा तासांची मर्यादा ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली होती. मालक आणि मजूर आपापसात करार करायला मोकळे आहेत, सरकारने मध्ये पडू नये, असा एकूण सूर.

आता सुधारकांची अडचण बघा. लॉकनर चुकीचा आहे असं म्हणावं, तर न्यायालय ऐकणार नाही. मग वाट उरली ती एकच: बायका वेगळ्या आहेत असं सांगायचं. नॅशनल कन्झ्युमर्स लीगच्या फ्लोरेन्स केली आणि जोसेफिन गोल्डमार्क यांनी लुई ब्रँडाईस यांना (ते गोल्डमार्क यांचे मेहुणे) गाठलं. गोल्डमार्क यांनी मदतनिसांना घेऊन ग्रंथालयं पिंजून काढली. कारखाना निरीक्षकांचे अहवाल, डॉक्टरांच्या साक्षी, युरोपातले कायदे असं सगळं गोळा झालं. ११३ पानांत कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा. २४ फेब्रुवारी १९०८ ला निकाल एकमताने ऑरेगॉनच्या बाजूने लागला.

मी ती पानं ‘स्त्री-कामगारांच्या आरोग्याची माहिती’ म्हणून टिपणांत भरत होते. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “यात विरुद्ध बाजूचा एक तरी अहवाल आहे का?” नव्हता. असणारही नव्हता, वकिलाचं कामच ते. तेव्हा ही पानं स्त्रियांच्या तब्येतीपेक्षा जास्त सांगतात ती १९०८ साली न्यायाधीशांना काय पटेल याचा सुधारकांनी बांधलेला अंदाज. आणि तो अंदाज अचूक होता! न्या. ब्रुअर यांच्या निकालपत्रात स्त्रीची शरीररचना, मातृत्व, पुढच्या पिढीची सुदृढता हेच मुद्दे आहेत.

पण जिंकलेल्या युक्तिवादाचं ओझंही मोठं होतं. बाईला संरक्षण हवं असं एकदा मान्य झालं, की तिला काही कामांपासून दूर ठेवणंही संरक्षणातच बसतं. न्यूयॉर्कमध्ये रात्रपाळीच्या बंदीमुळे छापखान्यातल्या बायका अडचणीत आल्या. त्यांना ही असली मदत नकोच होती.

पुढे १९२३ चा ‘ॲडकिन्स’ खटला. स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा न्यायालयाने रद्द केला. कारणांत एक असं, की १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने मताधिकार मिळाल्यावर स्त्री-पुरुषांतला कायद्यापुढचा फरक जवळपास मिटलाय. म्हणजे १९०८ ला वेगळेपणावर संरक्षण मिळालं, आणि १९२३ ला समानतेच्या नावाखाली वेतनाची हमी गेली.

तुमच्या टिपणवहीत असा एखादा अहवाल असेल, तर त्यात कुणाची बाजू आलेलीच नाही, ते आधी शोधा. मला ती वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहावी लागली.