कडेवरची शाळा

माझ्या आपानं आता साठी ओलांडली आहे. उभी राहिली की ती अजूनही डावीकडे किंचित कलते. मागे एकदा डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा ती हसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इने बैठता था इधर!"

खरंच आहे ते. माझं बालपण अम्माच्या मांडीवर कमी आणि आपाच्या कडेवर जास्त गेलं. माझा जन्म १९७० चा, सोलापूरचा. अब्बा गिरणीत होते. अम्मा घरी विड्या वळायची. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापानं ती कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन दुपारभर वळत बसायचं. संध्याकाळी मोजून कारखान्यात द्यायच्या. हाताला उसंत नाही आणि घरभर तंबाखूची धूळ. तिथं तान्हं मूल ठेवायचं कुठं? म्हणून मी आपाकडे. ती तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत शिकत होती.

सुरुवातीला काही दिवस ती मला घेऊनच शाळेत गेली. मी रडलो, वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "पोर घेऊन वर्गात बसता येणार नाही." आपा घरी आली, पाटी फळीवर ठेवली आणि मला पुन्हा कडेवर घेतलं. ती पाटी मग खाली आली नाही. मास्तर वाईट नव्हते. भरलेल्या वर्गात तान्हं मूल रडू लागलं तर शिकवणार कसं? अम्माही वाईट नव्हती. चूल विड्यांवरही चालत होती. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि त्या बरोबर असण्यात एका मुलीची शाळा सुटली.

मंडळी, आज मी तुम्हाला सांगणार आहे ते हे, की या पेचाचं उत्तर तेव्हा कुणाला सुचलेलं नव्हतं, असं नाही. ते सुचलं होतं, आपल्याच महाराष्ट्रात, आपाची पाटी फळीवर जाण्याच्या कितीतरी आधी.

ते उत्तर शोधणाऱ्या बाईंचं नाव ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर झाल्या, पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी आपलीशी केली. पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं, की शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरतं हे राहिलं तर उपयोग नाही. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात येते. १९४५ मध्येच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत संपलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत महागडी साधनं नव्हती. शंख, शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. पण साधनांपेक्षा मोठी अडचण वेगळी होती. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. मग बालवाडीच वस्तीत गेली, घरासमोरच्या अंगणात भरू लागली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द या अंगणातून आला.

आणि तिथंच ताराबाईंना माझी आपा भेटली. म्हणजे तिच्यासारख्या कितीतरी आपा भेटल्या. आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ, बोटाला बहीण. ती शाळेत येईना, कारण घरी मूल सांभाळायला दुसरं कुणी नाही. ताराबाईंनी तिला 'मूल घरी ठेवून ये' असं सांगितलं नाही. मूल घेऊनच ये, असं म्हणणारी शाळा त्यांनी उभी केली. तिचं नाव विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. कडेवरचं पाळणाघरात, बोटाला धरलेलं बालवाडीत आणि ताई स्वतः वर्गात. मधल्या सुट्टीत ती धाकट्याला बघून येऊ शकत होती.

ही केवळ जागेची सोय नव्हती. मूल सांभाळणं वेगळं आणि मूल शिकवणं वेगळं, एक कमी प्रतीचं आणि दुसरं वरच्या प्रतीचं, अशी भिंत आपण मनात घातलेली असते. विकासवाडीनं ती भिंत पाडली. अनुताई पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी गुरांमागे, कुरणातच शाळा नेली. ती कुरणशाळा. विचार तोच. मुलावर जी जबाबदारी आहे तिच्यासकट त्याला शाळेत घ्यायचं.

आता पुन्हा सोलापूरला येतो. १९७४ च्या सुमारास आमच्या वस्तीजवळ एक बालवाडी निघाली आणि मला तिथं घातलं. घरात आम्ही दखनी बोलायचो, बाई मराठी. बाई चित्र दाखवून विचारायच्या, "हे काय?" मी गप्प. बाईंना वाटलं, पोर मंद आहे. आपा मला सोडून दारातच रेंगाळायची. एकदा मांजराचं चित्र होतं. आपा दारातून म्हणाली, "बाई, त्याला येतंय. तो बिल्ली म्हणतो."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आत ये गं."

त्या दिवसापासून आपा आत बसू लागली. बाई तिला विचारायच्या, हा घरी काय खातो, कशाला भितो, कोणतं गाणं म्हणतो. आणि जाताना सांगायच्या, आज लहान-मोठं घेतलंय, घरी करून घे. मग आपा घरी विडीची न कापलेली पानं माझ्यासमोर टाकायची. मोठी इकडे, लहान तिकडे. पंचवीस विड्यांचं एक बंडल, अशी चार बंडलं म्हणजे शंभर, हे मी तिच्याकडून शिकलो. बाईंना आपाकडून माझी भाषा कळली, आपाला बाईंकडून माझा धडा कळला. त्या दोघींच्या मध्ये मी हळूहळू बोलू लागलो. आज मराठीत कविता लिहितो, त्याची सुरुवात त्या उंबरठ्यावर आहे.

इंग्लंडमध्ये दुसऱ्यांची मुलं स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्या बाईला चाइल्डमाइंडर म्हणतात. तिची नोंदणी व्हावी म्हणून तिथं १९४८ मध्येच कायदा झाला. २००८ मध्ये तर बालशिक्षणाची एकच चौकट चाइल्डमाइंडर आणि बालवाडी या दोघींना लागू झाली. मूल दोन्हीकडे जात असेल तर त्याच्याविषयीची माहिती दोघींनी एकमेकींना द्यायची, असं त्यात लिहिलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बाई आणि दारातली आपा आठवली. त्यांना कुणी नियम सांगितला नव्हता.

आपल्याकडेही कागदावर बरंच झालं. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आली, पण ती कारखान्याच्या जागेत. अम्मा तर घरात वळत होती! १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशचं काम सुरू केलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं स्पष्ट म्हटलं, की धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावं म्हणून पाळणाघरं हवीत. आणि २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं. म्हणजे विकासवाडीच्या तीन घरांपैकी दोन घरं पुन्हा एका छपराखाली आणायची.

गोष्ट चांगलीच आहे. पण जिथं अंगणवाडी दुपारी सुटते आणि आईचं काम संध्याकाळी, तिथं मधले तास कुणाच्या कडेवर जातात? ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, विडीच्या घरात जाऊन पाहा. तिथं आजही कुणाची तरी आपा दिसते. तिची पाटी कुठं आहे, हे विचारल्याशिवाय लहानग्याच्या शिक्षणाचं आपलं गणित पूर्ण होत नाही.

आमच्या बालवाडीत आपा दोनेक महिने बसली. तेवढ्यात तिची सुटलेली जोडाक्षरं तिनं भरून काढली. मग अम्माच्या हाताला मदत हवी झाली आणि ती सूप घेऊन बसली.

बी. ए. ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात मला अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हाती आलं. त्याच ओढीनं मग ताराबाईंविषयीही मिळेल ते वाचलं. सुट्टीत घरी आल्यावर आपाला विकासवाडीची गोष्ट सांगितली. तीन घरं, एक आवार, मधली सुट्टी. ती विड्या वळत ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "ये बोर्डी किधर है?"

मी म्हणालो, "डहाणूकडे. समुद्राजवळ."

"दूर है," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

आता ती नातीला अंगणवाडीत सोडायला जाते. दारात थांबत नाही. चप्पल काढते, सरळ आत जाते आणि ताईंना विचारते, आज काय घेतलं?