संघात कोण? : १९१६ ची दक्षिण अमेरिकी फुटबॉल स्पर्धा

राष्ट्र म्हणजे काय, या प्रश्नाची उत्तरे आपण सहसा राज्यघटनांत, राष्ट्रगीतांत आणि कादंबऱ्यांत शोधतो. अकरा खेळाडूंची यादी हीदेखील एक संहिताच असते, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. १९१६ साली ब्युनोस आयर्स येथे झालेली दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते. आज 'कोपा अमेरिका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेचा तो आरंभ होता.

निमित्त होते अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे. ९ जुलै १८१६ रोजी तुकुमान येथे स्वातंत्र्याची घोषणा झाली होती. त्या सोहळ्यासाठी उरुग्वे, ब्राझील आणि चिली हे शेजारी आले. स्पर्धा चालू असतानाच, ९ जुलै १९१६ रोजी, उरुग्वेच्या एक्तोर रिवादाविया गोमेस यांच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकी फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. बंधुभावाचे चित्र असे पूर्ण होते.

या चित्राला तडा मात्र पहिल्याच सामन्यात गेला होता. २ जुलै रोजी उरुग्वेने चिलीचा ४–० असा पराभव केला. त्यांतील दोन गोल इसाबेलिनो ग्रादिन याचे. ग्रादिन आणि त्याचा सहकारी हुआन देल्गादो हे दोघे कृष्णवर्णीय. उरुग्वेने संघात 'दोन आफ्रिकन' खेळवले, सबब सामना रद्द व्हावा, अशी मागणी चिलीच्या पथकाने केल्याचे एदुआर्दो गालेआनो यांनी फुटबॉलवरील आपल्या १९९५ च्या पुस्तकात नोंदवले आहे. निकाल बदलला नाही. १६ जुलैचा अर्जेंटिना-उरुग्वे सामना अनावर गर्दीमुळे सुरू होताच थांबला आणि प्रेक्षकांनी लाकडी सज्जे पेटवले. दुसऱ्या दिवशी तो गोलशून्य बरोबरीत सुटला. उरुग्वे ५ गुणांनिशी विजेता ठरला, अर्जेंटिनाचे गुण ४. ३ गोल करून ग्रादिन स्पर्धेत अग्रेसर राहिला.

या तक्रारीतील 'आफ्रिकन' हा शब्द बारकाईने वाचायला हवा. ग्रादिन जन्माने मोंतेविदेओचा. गुलाम म्हणून आणलेल्यांचा वंशज. तक्रार खेळाच्या नियमाविषयी नव्हती. हा माणूस आपल्याच देशाचा असू शकतो काय, याविषयी होती. एका शब्दाने नागरिकाचा परका झाला. ज्या स्वातंत्र्याची शंभरी साजरी होत होती ते कोणाचे, हा प्रश्न त्या एका शब्दात दडलेला आहे.

प्रश्न एकट्या चिलीचा नव्हता. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली संपली. १९२१ साली स्पर्धा पुन्हा ब्युनोस आयर्सला होणार असताना तेथे कृष्णवर्णीय खेळाडू पाठवू नयेत, असा राष्ट्राध्यक्षांचा आग्रह असल्याचे वृत्त पसरले. लिमा बार्रेतो या कादंबरीकाराने त्यावर उपरोधाने लिहिले. तो स्वतः मिश्रवंशीय आणि फुटबॉलचा कडवा विरोधक. खेळाविषयी ज्याला यत्किंचितही प्रेम नव्हते, त्यालाच संघनिवडीतील अन्याय नेमका दिसला, हे लक्षणीय आहे.

ग्रादिनला साहित्यातही स्थान मिळाले. मोंतेविदेओत स्थायिक झालेल्या हुआन पार्रा देल रिएगो या पेरूच्या कवीने त्याच्यावर गौरवकविता रचली. शीर्षकातच तिला बहुलयी आणि गतिमान म्हटले आहे. धावत्या देहासाठी बांधीव वृत्त अपुरे वाटावे, हे त्या काळच्या नवकाव्याच्या ओढीला धरूनच आहे. तक्रारीने ज्याला संघाबाहेर काढू पाहिले, त्याला कवितेने थेट नायकपद दिले.

तरीही हा न्याय पुरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. तक्रार ग्रादिनविषयी बोलते, कविता त्याला उद्देशून बोलते, इतिहासकार त्याचे उदाहरण देतात. तिन्ही ठिकाणी तो विषय आहे, वक्ता नाही. खेळांचा इतिहास वर्गात शिकवताना केवळ कोण जिंकले हे सांगून भागणार नाही. 'आम्ही' हा शब्द कोणी उच्चारला, आणि त्यात कोणाला धरले नाही, हेही विचारावे लागेल.