स्पायडरमॅनचा लाल रंग

यंदा माझा भाचा सात वर्षांचा झाला. केक स्पायडरमॅनचाच हवा आणि तो मामूनेच करायचा, हे त्याने महिनाभर आधी जाहीर करून टाकलं होतं. लॉकडाऊनमध्ये हौसेने केक करायला शिकलो, त्याची ही शिक्षा अजून भोगतोय.

बहिणीचं घर लालबागला, चाळीत. तिथं वाढदिवसाचा केक हा एका घरापुरता विषय नसतो. केक कापून झाला की बशा भरल्या जातात आणि गॅलरीतल्या एकेका दारात पोचतात. त्यामुळे अटी आल्या, त्याही तिघींकडून. बहीण म्हणाली, बाटलीतला रंग नको. मागच्या वर्षी बाहेरून मागवलेल्या केकने पोरांच्या जिभा दुसऱ्या दिवसापर्यंत निळ्या होत्या. अम्मी म्हणाली, "जे घालशील ते हलाल आहे का बघून घाल." शेजारच्या काकू माळकरी. त्या स्वतःहून काही बोलल्या नाहीत, पण त्यांना अंडं चालत नाही हे अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट मनात होती, ती कुणाला बोलून दाखवली नाही. मुसलमानाच्या हातचं खावं की नाही, यावर हल्ली मोबाईलवर काय काय फिरत असतं ते तुम्ही पाहताच. काकूंनी तीस वर्षांत असलं काही मनात आणलेलं नाही. पण त्या दिवशी त्यांच्या सुनेच्या माहेरची माणसं येणार होती. त्यांच्यातल्या कुणी बशीकडे बघून "यात काय काय आहे?" असं विचारलंच, तर मला न अडखळता उत्तर देता यायला हवं होतं.

स्पायडरमॅनचं सोपं वाटतं. 1962 साली अमेरिकेत स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी हे पात्र जन्माला घातलं. मुखवटा लाल, अंगात लाल-निळा पोशाख, वर काळं जाळं. शिवाय चेहरा झाकलेला, त्यामुळे आमच्या घरात तसवीर चालते की नाही, हा वादही परस्पर मिटला. उलट अम्मीला कोळी आवडतो. गार-ए-सौरच्या तोंडावर जाळं विणणाऱ्या कोळ्याची गोष्ट तिनेच आम्हाला लहानपणी सांगितली होती, आणि घरातला कोळी मारायचा नाही हा तिचा नियम आजही आहे. अडचण रंगांची होती. लाल आणि निळा, नैसर्गिक रंगांत सगळ्यात छळणारे दोन.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला केकचं सामान मिळतं, तिथं गेलो. दुकानदाराने परदेशी 'नॅचरल' लाल रंगाची बाटली पुढे केली. महाग होती, पण रंग झकास. चष्मा वर करून लेबल वाचलं तर बारीक अक्षरांत लिहिलेलं, कार्मिन, ई 120. बाटली परत ठेवली.

कार्मिन हा किड्यापासून काढतात. मेक्सिकोकडच्या निवडुंगावर वाढणारा कोचिनील नावाचा बारीक किडा, त्याच्या माद्या वाळवून, कुटून हा रंग निघतो. एक पौंड मालाला सुमारे 70,000 किडे, असा जुना हिशोब आहे. स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर या लाल रंगाने युरोपातल्या राजांचे आणि धर्मगुरूंचे झगे रंगले. रंग कशापासून होतो हे स्पेनने बराच काळ बाहेर पडू दिलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीलाही त्याची हाव सुटली. 1795 मध्ये ब्राझीलहून किडे भारतात आणले गेले, पण ते निघाले भलत्याच जातीचे. रंग यथातथाच, वर दक्षिणेतला निवडुंग मात्र त्यांनी फस्त केला. व्यापार बुडाला. किडा सोडून तण मारण्याच्या शास्त्रात मात्र हा प्रसंग आजही पहिलं उदाहरण म्हणून शिकवतात.

आता गंमत शब्दाची. कार्मिन हा शब्द ज्या अरबी 'किर्मिझ'वरून गेला, त्याच्यावरूनच आपला किरमिजी आला. त्याच्या मुळाशी फारसी 'किर्म', म्हणजे किडा. संस्कृत कृमी त्याचाच भाऊबंद. मराठी माणूस किरमिजी शालू म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी एक किडाच असतो. आपल्याकडची लाखही किड्याचीच, आणि बायकांच्या पायावरचा अळता पूर्वी तिच्यापासूनच व्हायचा.

म्हणजे हिशोब असा झाला: 'नैसर्गिक' म्हणून विकला जाणारा लाल रंग काकूंना चालणार नाही, कारण तो शाकाहारी नाही. अम्मीला चालेल की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद. हनफी मतात किडे खाणं बहुतेक जण नाजायज मानतात, काही जण रंगापुरती सवलत देतात. आणि बहिणीने बंदी घातलेली ती साधी स्वस्त बाटली? तिच्यातला रंग दगडी कोळशाच्या डांबरापासून सुरू झालेल्या रसायनशास्त्राचा, हल्ली खनिज तेलापासून बनणारा. किडा नाही, प्राणी नाही. काकूंनाही चालेल, अम्मीलाही. नैसर्गिक म्हणजे सोवळं आणि कृत्रिम म्हणजे ओवळं, हे माझ्या डोक्यातलं समीकरण त्या दुकानातच उलटं झालं.

तो कृत्रिम रंग आला कुठून, हे पाहायला लालबागपासून लांब जावं लागत नाही. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा मलेरियावरचं क्विनीन प्रयोगशाळेत बनवायला बघत होता. क्विनीन झालं नाही, भांड्यात उरला जांभळा रंग. डांबरातल्या अ‍ॅनिलीनपासून निघालेला तो पहिला यशस्वी कृत्रिम रंग. त्याच साली मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी चालू झाली, शहरातली पहिली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्या परळ-लालबाग भरून गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ युरोपातले, विशेषतः जर्मनीचे रंग.

'अ‍ॅनिलीन' या शब्दातही आपलीच नीळ आहे. संस्कृत नील अरबीत 'अन्-नील' झालं, तिथून पोर्तुगीजांकडे जाऊन 'अनिल'. रसायनशास्त्रज्ञांना हे द्रव्य आधी नीळ तापवून मिळालं, म्हणून त्यांनी नाव तेच ठेवलं. पुढे 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातली निळीची शेती झपाट्याने बसली. त्या शेतीतल्या जुलमाविरुद्ध गांधीजी 1917 ला चंपारणला पोचले तेव्हा मूळ धंदा मरणपंथालाच लागलेला होता. नैसर्गिक म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फुलं-पानं येतात. चंपारणच्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने नैसर्गिक निळीबद्दल काही वेगळंच सांगितलं असतं.

गिरणगावात रंगाचं काम मोठं होतं. बॉम्बे डाईंगची सुरुवात 1879 ची. नौरोजी वाडियांनी ती छोट्या प्रमाणात काढली. सूत हाताने रंगात बुडवायचं आणि उन्हात वाळत घालायचं. रंग तीनच, त्यात टर्की लाल पहिला. हा टर्की लाल मूळचा मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांचा. पण 1868 मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी त्यातलं रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवलं आणि मुळांची शेती उठली. दादर चौपाटीलगतची इंदू मिल, जिच्या जमिनीवर बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय, तीही गिरण्यांच्या यादीत रंगाई कारखाना म्हणूनच होती. आणि हे रंग नुसते बाहेरून आणून भागणार नाही हे ओळखून मुंबई विद्यापीठाने 1933 मध्ये रसायन तंत्रज्ञान विभाग काढला, तोच माटुंग्याचा यूडीसीटी. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ जगभर वापरला गेला. दादरच्या फूल बाजारातून चालत निघालात तर त्या संस्थेच्या दारात पोचायला फार वेळ लागत नाही.

या सगळ्यात आमचे रंगरेज कुठे गेले, हा प्रश्न मला छळतो. अब्दुल रेहमान स्ट्रीटचं जुनं नाव रंगारी मोहल्ला. लालबागला रंगारी बदक चाळ आजही आहे, तिथला गणपती प्रसिद्ध आहे. हाताने कपडा रंगवणाऱ्या जमातींत मुसलमान मोठ्या संख्येने होते. मंजिष्ठा किती उकळायची, तुरटी कधी घालायची, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. पिंपात भरलेली जर्मन पूड आली आणि ते ज्ञान कुणी लिहून न ठेवताच विरत गेलं. गिरण्यांनी त्यांच्या पोटावर पाय दिला. मग जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्याही गेल्या. बहिणीच्या चाळीत संपाच्या आठवणी सांगणारे म्हातारे अजून आहेत.

बरं, केक. आपल्याकडे अन्नात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक प्रमाणात. त्यातल्या एका निळ्याचं नाव इंडिगो कार्मिन, म्हणजे नीळ आणि किरमिज एका नावात, आणि आत किरमिज मात्र नाहीच! सगळेच कृत्रिम रंग विष आहेत असं मी म्हणणार नाही. पण युरोपात 2010 पासून यातल्या काही रंगांच्या पाकिटांवर मुलांच्या वागण्याबद्दल इशारा छापावा लागतो, आणि परवानगी असलेल्या एरिथ्रोसिनला अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये अन्नातून बाद करायचं ठरवलं. बहिणीची भीती अगदीच हवेतली नव्हती. (आपल्या बिर्याणीतला तो भगवा रंग कशाचा, हे मात्र तिने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.)

शेवटी लाल रंग बीटचा करायचं ठरवलं. बीट भट्टीत टिकत नाही, तपकिरी पडतं. म्हणून स्पंज साधाच ठेवला, बिनअंड्याचा, दह्यावरचा. बीटचा रस मंद आचेवर आटवून घट्ट केला, त्यात लिंबाचे चार थेंब. क्रीममध्ये घातला तर झाला राणी कलर. चिमूटभर हळद टाकल्यावर लालाच्या जवळपास आला. हळद सोड्याजवळ जाऊ द्यायची नाही, ती तांबडी पडते. हळदीला क्षार लावूनच कुंकू होतं, हे काकूंनी गॅलरीतूनच सांगितलं.

निळ्यासाठी गोकर्ण. ही फुलं काकूंच्याच कुंडीतली, रोज महादेवाला जाणारी. त्यांनी वीस-पंचवीस फुलं ओंजळीत दिली आणि म्हणाल्या, "आजच्या दिवस देव समजून घेईल." गरम दुधात भिजवली की पाच मिनिटांत दूध निळं होतं. लोणी वापरलं असतं तर त्याच्या पिवळेपणाने हिरवट छटा आली असती, म्हणून पांढरं क्रीम. जाळ्याच्या रेघा चॉकलेटच्या.

केक आमच्या चाळींत आला तो कुणाच्या हातून, हेही क्रीम फेटताना आठवत होतं. ग्रँट रोड स्टेशनसमोर 1914 पासून इराण्यांचा मेरवान मावा केक विकत आला. गिरगावातली पोरं तो चहात बुडवून खात मोठी झाली. आइसिंगवर नाव लिहिलेला केक गल्लीबोळात पोचवला तो मोंजिनीजने. नाव फोर्टमधल्या दोन इटालियन भावांचं, पण 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून धंदा खोराकीवाला या बोहरी कुटुंबाचा. 'हॅपी बर्थडे बंड्या' लिहिलेले किती केक या मुसलमान घराण्याच्या कारखान्यातून लालबाग-परळला गेले असतील, त्याचा हिशोब कुणीच ठेवला नसेल.

संध्याकाळी केक फ्रिजमधून काढला तेव्हा पोटात गोळा आला. बीटच्या लालात लिंबू होतं, आणि गोकर्णाच्या निळ्याला आंबट लागलं की ते जांभळं होतं. मुखवट्याच्या कडेने, जिथे लाल आणि निळं भिडलं होतं, तिथे बोटभर जांभळा पट्टा उमटला होता. मी लिंबू घालतानाच हे लक्षात यायला हवं होतं. पर्किनच्या भांड्यात असंच काहीसं दिसलं असेल, अशी मनाची समजूत घातली.

बशा गेल्या. काकूंकडच्या पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलंच, "रंग कसला हो हा?" मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "बीट आणि माझी गोकर्णाची फुलं." बशी परत आली ती रिकामी नाही, दोन करंज्या घेऊन.

भाच्याने मात्र केकभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मामू, हा जांभळा का?" काय सांगावं ते सुचेना. त्याने स्वतःच थोडा विचार केला. मुंबैटनमध्ये राहणारा, धोतरवाला पवित्र प्रभाकर त्याने सिनेमात पाहिलेला आहे.

"हा दुसऱ्या युनिव्हर्समधला असेल," तो म्हणाला, आणि सुरी मागायला लागला.